मुदत कोणासाठी? १९३२ च्या उन्हाळ्यातील दोन निकाल

१/ सरकारी कर्जाची मुदतपूर्व परतफेड हा विषय रुक्ष वाटतो. परंतु १९३२ च्या उन्हाळ्यात, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, लंडन आणि वॉशिंग्टन येथे या प्रश्नाचे दोन परस्परविरोधी निकाल लागले. दोन्ही देणी पहिल्या महायुद्धाचीच होती. हा धागा त्यांविषयी.

२/ प्रथम लंडन. १९१७ साली ब्रिटिश सरकारने युद्धखर्चासाठी पाच टक्के व्याजाचे ‘वॉर लोन’ उभारले. अंतिम मुदत १९४७ ची. मात्र १९२९ पासून सरकारला ते केव्हाही फेडता येईल, अशी तरतूद होती. रोखेधारकाला तसा हक्क नव्हता. त्याला रोखा फार तर बाजारात विकता येई.

३/ ३० जून १९३२ रोजी अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी (होय, पुढे म्युनिक करार करणारे तेच) ही तरतूद वापरली. मुद्दल परत घ्या, अथवा साडेतीन टक्क्यांचा नवा रोखा स्वीकारा. जुलैअखेर होकार कळवणाऱ्यास शंभर पौंडांमागे एक पौंड रोख.

४/ रक्कम होती २ अब्ज पौंडांहून अधिक. देशभक्तीचे आवाहन झाले, बाजारातील व्याजदरही घसरले होते. सुमारे नऊ-दशांश कर्ज नव्या दराने वळते झाले. नव्या रोख्याला अंतिम मुदतच नव्हती. १९५२ नंतर सरकारच्या इच्छेनुसार परतफेड. ती झाली थेट ९ मार्च २०१५ रोजी!

५/ आता वॉशिंग्टन. युद्धकाळातील तुटपुंज्या वेतनाची भरपाई म्हणून अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने माजी सैनिकांना प्रमाणपत्रे दिली. मायदेशातील सेवेस दिवसाला १ डॉलर, परदेशातील सेवेस सव्वा डॉलर, असा हिशेब. पूर्ण रक्कम मिळणार १९४५ साली.

६/ मध्येच महामंदी कोसळली. हाती सरकारी देण्याचा कागद आणि घरात अन्न नाही, अशा अवस्थेत हजारो माजी सैनिक १९३२ च्या मे महिन्यापासून राजधानीत जमले. मागणी एकच : आमचे पैसे मुदतीपूर्वी द्या. प्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केले. १७ जून रोजी सिनेटने ते ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळले.

७/ २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिकांना प्राणघातक जखमा झाल्या. त्यानंतर जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमाखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन लष्कर उतरले. ॲनाकोस्टिया नदीकाठची त्यांची वस्ती जळून खाक झाली. लंडनमधील रोखेधारकांना होकार कळवण्यासाठी तेव्हा आणखी तीन दिवस शिल्लक होते.

८/ येथे एक रास्त आक्षेप संभवतो. ब्रिटिश रोख्यात मुदतपूर्व परतफेडीची तरतूद छापलेली होती. अमेरिकी प्रमाणपत्रात नव्हती. शिवाय ते प्रमाणपत्र काटेकोर अर्थाने कर्जरोखा नव्हते आणि मागणीचा भार होता सुमारे २.४ अब्ज डॉलर. मग अन्याय कोणता?

९/ माझे मत असे : करार पाळला गेला की नाही, एवढ्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबू नये. कराराचा मसुदा कोणी लिहिला, हेही विचारावे. दोन्हीकडे तो सरकारनेच लिहिला होता. म्हणून परिस्थिती पालटली, तेव्हा लंडनमध्ये सरकारला मुदत मोडण्याची मुभा होती. वॉशिंग्टनमध्ये उपाशी माणसाला ती नव्हती.

१०/ आणि मुदत खरोखरच अलंघ्य होती काय? जानेवारी १९३६ मध्ये काँग्रेसने रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला. प्रमाणपत्रांच्या बदल्यात रोखे मिळाले. १९४५ पर्यंत ठेवल्यास तीन टक्के व्याज, हवे असल्यास त्याच वर्षी जूनपासून रोख. बहुतेकांनी पैसे लगेच घेतले.

११/ अमेरिकेचा खजिना त्यामुळे बुडाला नाही. चार वर्षांपूर्वी जे अशक्य म्हणून सांगितले गेले, ते राजकीय इच्छाशक्तीचा प्रश्न होते. मित्रहो, जुना कर्जरोखा हाती आला, तर व्याजदराआधी परतफेडीचे कलम वाचा. मुदत मोडण्याचा हक्क कोणाकडे होता, ते तेथे लिहिलेले असते.