मायनर विषय, मोठा प्रश्न

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला मेजर म्हणजे मुख्य आणि मायनर म्हणजे जोडीचा, असे दोन विषय दिले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून ही रचना लागू झाली. मुख्य विषय घरी चर्चा करून ठरतो. जोडीचा मात्र बहुधा वेळापत्रकात बसेल तो! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक असून त्यांतले २४ मायनरचे आहेत. (विद्यापीठागणिक यात थोडा फरक पडतो.) एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास धरले, तरी ही ३६० तासांची गुंतवणूक होते. ती वाया का घालवायची?

न्यूरोसायन्सचे, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शास्त्राचे उदाहरण घेऊ. हा विषय अहिल्यानगर जिल्ह्याला दूरचा वाटेल. पण तो बांधावरचाच आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारे असेटिलकोलीन नावाचे रसायन असते. नाग चावला की विषामुळे तो निरोप स्नायूला मिळतच नाही. पापण्या जड होतात, श्वास थांबू शकतो. फवारणीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली, तर नेमके उलटे घडते. निरोप पोचतो, पण पुसला जात नाही. लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात.

हे समजायला प्राणिशास्त्र लागते, रसायनशास्त्र लागते. मेंदूतल्या विद्युत लहरींसाठी भौतिकशास्त्र, वर्तनासाठी मानसशास्त्र आणि निष्कर्ष तपासायला संख्याशास्त्र हवे. अमेरिकेतील विद्यापीठांतही न्यूरोसायन्सचा मायनर साधारण पाच-सहा अभ्यासक्रमांचा असतो आणि तो अशाच अनेक विभागांतून जुळवलेला असतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. विभागांमधल्या भिंती तेवढ्या उतराव्या लागतात.

आपल्याकडे काय आहे? नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथे विज्ञान महाविद्यालये आहेत. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ. शिवाय ‘स्वयम्’वरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे. साहित्य घरात आहे, स्वयंपाक कोणी मांडत नाही, अशी ही गत होऊ नये.

या मायनरने कोणी डॉक्टर होणार नाही, हे पालकांनी स्पष्ट समजून घ्यावे. पण बंगळूरची निम्हान्स किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही नावे ऐकून बिचकणार नाही, असा विद्यार्थी त्यातून घडू शकतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी तीन प्रश्न जरूर विचारावेत. मायनरचे अभ्यासक्रम एकमेकांशी जुळतात का? प्रयोगशाळेचे तास खरोखर होतात का? शिकवणार कोण? उत्तरे गुळमुळीत आली, तर विषयाचे नाव कितीही भारदस्त असो, तो गुणपत्रिकेवरची एक ओळ बनून राहील.