जुनी मोटार : इंजिन खोलण्याआधी

मंडळी, आता बऱ्याच वस्त्यांवर गोठ्याशेजारी एखादी सेकंडहँड मारुती ८०० उभी दिसते. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून निघायची बंद झाली. म्हणजे आज मिळते ती तरुणात तरुण गाडीही दहा वर्षांच्या पुढचीच. स्वस्त मिळते, पण काम मोठे करते. रात्री-अपरात्री सुनेला बाळंतपणासाठी तालुक्याला न्यायचे, तर हीच लागते.

अशी गाडी रुसली की कोणीतरी बॉनेट उघडून निकाल देतो, "इंजिन बसलं, काम काढावं लागेल." इंजिनाचे काम म्हणजे कधीकधी गाडीच्या किमतीइतका खर्च. आणि पुष्कळदा दुखणे असते एखाद्या प्लगाचे किंवा नळीचे. रोग रेड्याला, औषध पखालीला! म्हणून सांगणे एवढेच, की इंजिन खोलण्याआधी ते तपासून घ्या. तपासणीला पैसा फारसा लागत नाही, क्रम लागतो.

विहिरीवरचे ऑईल इंजिन तुमच्या ओळखीचे आहे. त्यात डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटते. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र चार गोष्टी लागतात : ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब. बिघाड या चारांतच शोधायचा, आणि सोप्यापासून अवघडाकडे जायचे.

सेल्फ फिरतो का? नुसता 'कट कट' आवाज आला तर आधी बॅटरी पहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर तारा सोडवा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडे करून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही पहा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही. प्लग काढून पहा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही. मग प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि जुन्या गाडीत पॉईंट तपासा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, पंप दमला असेल, किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला असेल. साधारण २००० सालानंतरच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा जळत राहिला तर घरी खटपट न करता यंत्र लावून दोष वाचून घ्यावा. पेट्रोल सांडलेले असताना ठिणगीची परीक्षा कधीही करू नका.

पेट्रोलवरून एक गोष्ट. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ऊस, मका अशा पिकांपासून होते, म्हणजे आपल्या घरचेच. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वॉशर त्याच्यासाठी केलेले नसतात. नळी फुगली, चिरली किंवा पेट्रोलचा वास येऊ लागला तर लगेच बदला. गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नका.

इंजिन चालते, पण थरथरते, ओढत नाही. या इंजिनाला तीन सिलिंडर. एक मुका झाला की दोनांवर गाडी कण्हत चालते. तिन्ही प्लग काढा आणि ओळीने मांडा. टोक भुरे, बिस्किटाच्या रंगाचे असेल तर तो सिलिंडर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जादा किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का पहा. टोक तेलकट असेल तर ऑईल वर येते आहे.

धूरही बोलतो. काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर धूर ऑईल जळते त्याचा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघणारच. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. बहुधा हेड गॅस्केट गेले. ऑईलची पट्टी काढून पहा. ऑईल दुधाळ दिसले तर गाडी तिथेच थांबवा, एक मैलही चालवू नका.

इंजिन तापते. जुन्या इंजिनाचा खरा काळ हाच. पाण्याची पातळी, गळणाऱ्या नळ्या, पंखा फिरतो की नाही आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट-गवत पाहून घ्या. बोअरचे क्षाराचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. चहाच्या भांड्याला धरते तशी खपली आत धरते आणि वाट बंद होते. कूलंट घाला. काटा वर गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करा, आणि झाकण पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. "घर आता दोन मैलच राहिलं" म्हणून तशीच दामटली, तर पन्नास-शंभर रुपयांच्या नळीपायी हेड वाकते.

एवढे करूनही जमेना, तर दाब मोजून घ्या. इंजिन गरम असताना मिस्त्री तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, एकेका सिलिंडरला मीटर लावतो. तीन आकडे कागदावर लिहून मागा. तिन्ही जवळपास सारखे आणि चांगले असतील तर इंजिन खोलायचे कारण नाही. एखादा आकडा सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या पाऊणपटीखाली गेला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन्ही एकदम कमी असतील तर मधले गॅस्केट फुटल्याचा संशय धरा. वरचे हेडचे काम आणि खालचे रिंगांचे काम यांच्या खर्चात मोठा फरक आहे, आणि तो या चमचाभर ऑईलने कळतो.

अजून गाडी घेतलेली नसेल, तर पाहायला सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. ऊन लागले तर समजा, मालकाने ती अगोदरच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन आपले दुखणे लपवत नाही. नोंदणीला १५ वर्षे झाली असतील तर नूतनीकरण झाले आहे का, तेही कागदावर पहा.

शेवटी, एका वेळी एकच वस्तू बदला आणि गाडी चालवून पहा. चार वस्तू एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही, आणि तीन वस्तूंचे पैसे फुकट जातात. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या आणि तारीख वहीत लिहा. दुभत्या म्हशीची नोंद ठेवतो, तशी हीही ठेवावी.