९६ गुण, ३३ बळी

भिंतीवर चौकटीत टांगलेल्या प्रमाणपत्राने आजवर एकही जिवाणू मेलेला नाही. संयुक्त अरब अमिरातीतल्या प्रत्येक मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या, प्रत्येक शीतगृहाच्या आणि आमच्या नाशिक-सांगलीच्या प्रत्येक निर्यातदार पॅकहाऊसच्या दारावर हे वाक्य हातभर अक्षरांत रंगवले पाहिजे. कारण अन्नाच्या धंद्यात आज एक निर्लज्ज थोतांड राजरोस चालले आहे. स्वच्छता यंत्रावर नव्हे, कागदावर होते. आणि त्या कागदाखाली जो बुळबुळीत थर वाढतो, त्याची किंमत गरोदर बाई, म्हातारा आणि लेबर कॅम्पातला मजूर मोजतो!

अमिरात आपल्या ताटातले बहुतेक अन्न बाहेरून आणते. तिथल्या दुकानांचे फळांचे कप्पे भरतात ते ऑस्ट्रेलिया, इराण, हिंदुस्थान अशा देशांतून आलेल्या मालाने. २०१८ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका शेतातल्या खरबुजांवर लिस्टेरिया हा जिवाणू सापडला. २२ माणसे आजारी पडली, ७ दगावली, एका मातेचा गर्भ गेला. जागतिक आरोग्य संघटनेने हा माल ज्या देशांत रवाना झाला होता त्यांची यादी दिली, तीत अमिरातीचे नाव होते. शेत वाळवंटापासून समुद्रापार, धोका मात्र थेट दुबई-शारजाच्या फ्रिजपर्यंत!

त्या चौकशीतून जे निघाले ते प्रत्येक फूड सेफ्टी मॅनेजरने पाठ करावे. शेतकरी गबाळा नव्हता. त्याची धुण्याची पद्धत त्या धंद्यातल्या रिवाजाच्या तोडीची किंवा त्याहून सरसच होती. पण त्या हंगामात आधी मुसळधार पाऊस झाला आणि मग धुळीची वादळे उठली. माती आणि तिच्यातला लिस्टेरिया खरबुजाच्या जाळीदार सालीत जाऊन बसला आणि रोजच्या धुण्याला तो पुरून उरला. हवामान बदलले होते; धुण्याची पद्धत तीच राहिली. आता आम्ही विचारतो, ज्या देशात धुळीचे वादळ ही दर उन्हाळ्याची गोष्ट, तिथल्या किती कारखान्यांत वादळाच्या दुसऱ्या दिवशी भाजी धुण्याचे पाणी अधिक वेळा बदलले जाते? की 'एसओपी'त, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीच्या कागदात, लिहिलेले नाही, म्हणून वादळ आलेच नाही असे समजायचे?

जिवाणू एसओपी वाचत नाही. तो फक्त परिस्थिती वाचतो. पाण्यात मोकळा तरंगत असतो तेव्हा तो दुबळा असतो, चिमूटभर क्लोरीनने मरतो. पण पोलादाच्या ओरखड्यात, कटिंग बोर्डाच्या चरात, स्लायसरच्या पात्यामागच्या रबरात त्याला ओल आणि अन्नाचा कण मिळाला की तो ठाण मांडतो, स्वतःभोवती साखर, प्रथिने आणि डीएनएची चिकट तटबंदी उभारतो. हीच बायोफिल्म. तटबंदीच्या आतल्या जिवाणूला मारायला मोकळ्याच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध लागते. एवढे औषध कोणी ओतत नाही. जेवढे ओतले जाते त्याने वरचा थर मरतो, खालचा शाबूत राहतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पात्यावरून चिकनचे काप निघतात.

यातली खरी मेख कळते ती वाढीच्या अटी पाहिल्यावर. साल्मोनेला ३७ अंशांवर, भरपूर खाद्यात, बहुधा गुबगुबीत आणि बेफिकीर असतो. त्याला २८ अंशांच्या आसपास, उपाशी, धुवून पुसलेल्या पृष्ठभागावर ठेवा. तो सेल्युलोज आणि चिवट तंतू विणून घट्ट बसतो. म्हणजे प्रयोगशाळेच्या उबदार रश्शात वाढवून ज्याची परीक्षा घेतली तो जिवाणू आणि तुमच्या ट्रेवर बसलेला जिवाणू हे एकाच कुळातले असून वागण्याने निराळे! लिस्टेरियाचे तर आणखी विपरीत. ३७ अंशांवर तो आपले शेपूट टाकून देतो. २० ते ३० अंशांत ते पुन्हा उगवते, तो पोहतो, पृष्ठभागाला चिकटतो. आणि फ्रिजमध्ये, जिथे बाकीचे जिवाणू गारठतात, तिथे तो सावकाश पण बिनबोभाट वाढतो. स्टॅफिलोकॉकसला मीठ आणि साखर मिळाली की त्याचा थर अधिक जाड होतो. लोणची, खारवलेले पदार्थ, मिठाई भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. 'आमचा माल खारट आहे, त्यात काही जगत नाही' ही फुशारकी आम्ही पुष्कळ ऐकली आहे.

आता ही अटींची यादी घेऊन ऑगस्टमधल्या शारजाच्या एखाद्या शीतगृहाच्या दारात उभे राहा. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि समुद्राची दमट हवा. ट्रक लागतो, दार उघडते, माल उतरेपर्यंत उघडेच राहते. दमट हवा आत घुसते, थंड छताला आणि बाष्पकाच्या पत्र्याला भिडते, तिचे दव होते आणि थेंब-थेंब खाली उघड्या ट्रेवर पडतो. त्या पत्र्याची मागची बाजू शेवटची कधी घासली, हे हजेरीपटावरच्या एकाही माणसाला सांगता येत नाही. शेजारच्या गोदामात क्लोरीनचे कॅन उन्हाळाभर तापत पडलेले. उष्णतेने क्लोरीनचा जोर ओसरतो हे बाटलीवर छापलेले असते, पण माप मात्र पहिल्या दिवशी ठरले तेच, कॅनचे टोपणभर. अशा अर्धमेल्या औषधाने जिवाणू मरत तर नाहीच, सरावतो! वर मोरीच्या जाळीवर जोरदार पाइप मारायचा, म्हणजे गटारातला थर तुषारांवर बसून पुन्हा ओट्यावर. याला साफसफाई म्हणतात? आम्ही याला पेरणी म्हणतो.

अमिरातीत कायदा नाही असे नाही. २०१५ चा संघीय कायदा क्रमांक १० आहे, त्यात घातक अन्न विकणाऱ्याला तुरुंगवास आणि २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. दुबईच्या अन्न संहितेत थंड अन्न ५ अंशांखाली आणि गरम अन्न ६० च्या वर ठेवण्याची सक्ती आहे. प्रत्येक खाद्यगृहात प्रशिक्षित जबाबदार माणूस असावा असा दंडक आहे. अबू धाबीचे कृषी व अन्नसुरक्षा प्राधिकरण दोषी हॉटेलांना कुलूप लावते आणि नावे जाहीर करते. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. पण इन्स्पेक्टर भर दिवसा येतो, आणि बायोफिल्म रात्रीच्या पाळीत तयार होते. त्या पाळीत असतो तो कारखान्यातला सगळ्यात कमी पगाराचा, ठेकेदाराचा माणूस. ऑर्डर वाढली की पहिली कात्री त्याच्या वेळेला लागते. यंत्र उघडायला वेळ नाही, डिटर्जंटने चरबी काढायला वेळ नाही. थेट चरबीवरच सॅनिटायझर फवारायचा आणि रकान्यात बरोबरची खूण. चरबी आधी निघाली नाही तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो, हे त्या माणसाला कोणी शिकवले? आणि शिकवले तरी यंत्राचे नट काढायला त्याला पाना दिला?

त्याच अन्नाचे डबे पहाटे भरून दुबईतल्या सोनापूरच्या, अल क्वोझच्या कॅम्पांतून बांधकामांवर जातात. आमच्या मराठवाड्यातली आणि कोकणातली पोरे ते डबे दुपारी, उन्हाळ्यातल्या सक्तीच्या विश्रांतीच्या वेळेत, साडेबाराला उघडतात. भातातल्या बॅसिलस सिरीयसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, त्याचे वांती आणणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ओकारी झाली की मजुराला 'ऊन लागले' म्हणतात आणि रोजंदारी कापतात. लिस्टेरियाचे तर त्याहून सोयीचे आहे. खाल्ल्यापासून ताप येईपर्यंत ७० दिवसही जाऊ शकतात. सत्तर दिवसांपूर्वी कोणते सॅलड खाल्ले होते, हे कुठल्या आजीला आठवणार? पुरावा नाही, म्हणून गुन्हा नाही!

दक्षिण आफ्रिकेत हाच हिशेब २०१७-१८ मध्ये उघडा पडला: १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू, आणि मूळ एका मांसप्रक्रिया कारखान्यात. पण कागदी स्वच्छतेचा खरा पुतळा उभारावा तो कोलोरॅडोत. २०११ च्या जुलैत एका खरबुजाच्या शेतावर खासगी ऑडिटर आला. जमिनीवर पाणी साचत होते, बटाटे धुवायला केलेले जुने, नीट साफ न होणारे यंत्र खरबुजांना लावले होते. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक नाही, हे ऑडिटरने स्वतःच्या हाताने नोंदवले आणि १०० पैकी ९६ गुण देऊन 'उत्तम' शेरा मारला. त्या खरबुजांनी १४७ माणसे आजारी पाडली आणि ३३ मारली. शेताचे मालक असलेल्या दोघा भावांना पुढे नजरकैद आणि प्रोबेशन मिळाले. ऑडिट करवून घेणारा ऑडिटरला पैसे देतो, ही पद्धत मात्र आजही तशीच चालू आहे!

आणि आमचे निर्यातदार? युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीचा माग ग्रेपनेट या संगणकीय नोंदीवरून थेट बागेपर्यंत लागतो. त्याच पॅकहाऊसमधली दुबईची पेटी 'गल्फचा माल आहे, चालतं' म्हणून सुटते. का चालतं? दुबईत ती द्राक्षे खाणारी कोणाची तरी लेक पोटुशी नाही काय? जिवाणू तपासायला पृष्ठभागाचे स्वॅब घेतलेच तर ते ओट्याच्या मधोमध घेतले जातात, जिथे फडका रोज फिरतो. रबराखाली, पट्ट्याच्या रोलरमागे, मोरीत, दव ठिबकते तिथे घ्या. आणि आलेला निकाल खरेदीदाराला दाखवा, चांगला असो वा वाईट. अमिरातीच्या यंत्रणांनी बंद केलेल्या हॉटेलांच्या नावांबरोबर मोठ्या केटरिंग कारखान्यांच्या या स्वॅबांचे निकालही छापावेत. एका महिन्यात किती मालकांना यंत्र उघडण्याचा पाना सापडतो ते आम्ही मोजू.

तोवर पहाटेच्या पाळीवरच्या सुपरवायझरला आमचे एकच सांगणे आहे. आज स्लायसरचे पाते उतरवा, मागचे रबर उपसून काढा, त्याच्या खाचेतून बोट फिरवा आणि ते बोट मालकाच्या नाकाखाली धरा. त्याने नाक मुरडले तर त्या दिवशी पहिला काप कापायचा नाही, ऑर्डर कोणाचीही असो.