मृत्यूचे कारण घरच्यांना सांगा


रुग्ण अखेरच्या घटकेला आणले जातात, मग दोष रुग्णालयाला का, हा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सवाल निम्माच बरोबर आहे. भिवंडीतून अत्यवस्थ रुग्ण कळव्याला पाठवले जातात, हे नारपोलीतला यंत्रमाग कामगारही जाणतो. पण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावीच लागली.

मातामृत्यू झाला तर त्याचे अन्वेषण होते, घरच्यांचेही म्हणणे नोंदवले जाते. हीच शिस्त इतर मृत्यूंना का नको? नातेवाइकांच्या हाती अनेकदा ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहिलेला कागद पडतो. हृदय तर प्रत्येक मरणात थांबते; ते का थांबले, हे सांगायला पाच मिनिटे कुणाला नसतात. मग संशय बळावतो आणि काचा फुटतात. तोडफोडीचे समर्थन नाहीच. पण मागितल्यावर ७२ तासांत केसपेपरची प्रत देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांना बंधनकारक आहे, हे किती रुग्णालये आपणहून सांगतात?

प्रत्येक मृत्यूचा आढावा घेऊन घरच्यांना बोलावून निष्कर्ष सांगावा, असा आदेश आरोग्य विभागाने काढावा.

— एक वाचक, नारपोली, भिवंडी