फाटकाबाहेरची काटकसर

दिवाळीची सुट्टी लागली, की शहरातल्या घराघरांतून चकल्यांच्या वासाबरोबर एक प्रश्नही दरवळू लागतो. पोरांना यंदा कोठे न्यायचे? आमच्या लहानपणी ह्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे : आजोळी. फार तर एखादे दिवशी राणीचा बाग, नाही तर जत्रेतला लाकडी पाळणा आणि हातात गुडदाणीचा पुडा. हल्लीची मुले एवढ्यावर समाधान मानीत नाहीत. त्यांना ‘थीम पार्क’ हवे असते.

आणि त्यांना तरी नावे का ठेवावीत? मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा बोटीत बसून तिकडे जाण्यासाठी आईबापांचा पदर ओढणारी पोरे म्हणजे आजचे आईबापच होत. पुढे २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघाले. एके काळी जन्मात एकदा करावयाची चैन आता मे महिन्यातल्या आंब्यासारखी वर्षाची ठरून गेली आहे.

आमच्याही घरी ती ठरून गेली आहे. आम्ही दोघे, आमची दोन मुले, सासूबाई, आणि माझी नणंद, तिचे यजमान व मुलगा, अशी आठ माणसांची पलटण गेली नऊ वर्षे नेमाने निघते. तेव्हा ह्या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते. हिशेबाची वही तर माझ्यापाशी आहेच!

नऊ वर्षांच्या वहीतून मला उमगलेली गोष्ट एका वाक्यात सांगते. काटकसर करावयाची ती सारी फाटकाबाहेर करावी. फाटकाच्या आत ती करू नये.

असे का, ते समजण्यासाठी ह्या धंद्याची घडण थोडी पाहिली पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडले, तेव्हा आत शिरायला मोठ्या माणसाला एक डॉलर पडे आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. लवकरच तिकिटांची पुस्तके निघाली. साध्या खेळाला ‘ए’ अक्षराचे तिकीट, त्याहून बऱ्याला ‘बी’, असे करीत १९५९ पर्यंत गाडी ‘ई’पर्यंत गेली. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली. फाटकावर एकदा पैसे मोजा आणि मग हवे तितके खेळा, ही रीत तेथे पक्की झाली. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही तीच चालते.

ही रीत मुलांच्या सोयीची, ह्यात शंका नाही. ‘बाबा, आणखी एकदा!’ असे म्हटल्यावर बाबांचा हात खिशाकडे जात नाही. पण खिसा मिटला असे मात्र नव्हे. जेवण, थंड पेये, सामान ठेवायचा लॉकर, पाण्यात उतरायचे कपडे, उतारावर किंचाळताना काढलेला आपला फोटो, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरच मांडलेले खेळण्यांचे दुकान! तिकिटाचा आकडा आपण आठ दिवस आधी घोकतो. ह्या दुसऱ्या खर्चाचा आकडा घरी आल्यावर कळतो. आणि तो आतल्या आत आवळू गेले, तर ती बचत नेमकी मुलांच्या तोंडचा घास काढून होते.

हे मी अलंकाराने म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नणंदेच्या यजमानांची नोकरी त्या साली गेली होती. यंदा येत नाही, असे ती म्हणत होती. सासूबाईंनी आग्रह केला, तिकिटे आम्ही काढली आणि सगळे एका जलक्रीडा उद्यानात गेलो. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. दुपारी एकच्या सुमारास सगळी मुले भुकेने कासावीस होऊन खाण्याच्या खिडकीशी उभी राहिली. हा पठ्ठ्या मात्र मागे.

“काय रे, तुला काय घ्यायचं?” मी विचारले.

“मामी, मला भूकच नाही.”

पाण्यात तीन तास डुंबलेल्या पोराला भूक नाही? आग्रह केला तेव्हा त्याने माझ्या मुलीच्या बशीतले दोन घास खाल्ले. त्या रात्री घरी पिठल्याबरोबर पाच पोळ्या खाल्ल्यान्! सासूबाई वाढता वाढता थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. पोराने खिडकीवरचा दरांचा फलक वाचला होता. वाचता येऊ लागलेल्या मुलापासून घरची अडचण लपत नाही, हे आपण मोठी माणसे विसरतो.

आठ दिवसांनी नणंद म्हणाली, “वहिनी, पुढच्या वर्षी तुम्ही चौघं आणि आई जा. आमचं राहू दे.” तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. दुसऱ्याच्या तिकिटावर दरसाल सहलीला जाणे कोणा मानी माणसाला रुचेल?

तेव्हापासून आमचा नवा कायदा सुरू झाला. सहलीचा सारा खर्च आधी मांडायचा, माणशी वाटायचा आणि बारा महिन्यांत साठवायचा. समजा तिकीट, प्रवास, जेवण व मुलांचा हातखर्च मिळून आठ माणसांना १८,००० रुपये लागणार आहेत. माणशी २,२५० झाले. महिन्याला १९० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाचे २,२८० होतात. तिघांच्या घराला महिना ५७० रुपये. हा आकडा एकदम २,२५० गुणिले तीन इतका छातीवर बसत नाही. पैसे बँकेत बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीत जातात, आणि ठेव आहे नणंदेच्या नावावर. खजिनदार ती! तिकिटे तीच काढते, आणि कोणी हप्ता चुकवला तर दटावतेही तीच. पहिल्या वर्षी त्यांना पूर्ण हप्ता जड जात होता. तेव्हा सहल त्यांच्या हप्त्याला झेपेल एवढीच आखली, म्हणजे जवळचे लहान उद्यान पाहिले. कोणी कोणाचे उपकार घेतले नाहीत.

आता फाटकाबाहेर पैसे वाचतात ते कोठे, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट दिवसाची. दिवाळीचा आठवडा, नाताळ, शनिवार-रविवार हे दिवस महाग, आणि गर्दीमुळे दुप्पट महाग. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांनी २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीप्रमाणे वेगवेगळे लावले, आणि आता हा प्रकार जगात सर्वत्र रुळला आहे. पण दर एकच असला, तरी हिशेब निराळा. रविवारी रांगेत उभे राहून पाच खेळ पदरात पडतात, साध्या मंगळवारी बारा. तिकिटाला खेळांच्या संख्येने भागून पाहा! रांग टाळण्याची सोय डिस्नेने १९९९ साली फुकट सुरू केली होती. २०२१ पासून फ्लोरिडात व कॅलिफोर्नियात तिला पैसे पडू लागले. आडवाराला गेले, की तीच सोय आपल्याला फुकट. दोन्ही शाळांची सुट्टी जुळेल असा आडवार आम्ही जूनमध्येच दिनदर्शिकेवर हेरून ठेवतो. पावसाळ्यात गर्दी कमी असते खरी, पण पाऊस जोराचा झाला की उघड्यावरचे मोठे खेळ थांबवतात, हे लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडील अनेक उद्यानांत लहान मुलाचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. शिवाय मोठ्या खेळांना कमीत कमी उंचीची अट असते. तेव्हा निघण्याआधी मुलांना दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खूण करावी. पोरगे मोठ्या खेळांच्या अटीत बसत नसेल, तर मोठे उद्यान दोन वर्षांनी पाहावे. अर्धे खेळ ‘तू लहान आहेस’ हे ऐकण्यासाठी पैसे भरण्यात काय मतलब? डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत वयाचा हिशेब चालतो : तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, दहावे लागले की मोठ्याचे. धाकटे मूल अटीत बसत नसेल, तर आईबापांपैकी एकाने त्याच्यापाशी थांबायचे व मग दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता बसायचे, अशी सोयही तेथे आहे. मागितली तर मिळते!

तिसरी गोष्ट कराची. जाहिरातीतला दर करासह आहे की कराविना, ते आधी पाहावे. अशा उद्यानांवरील जीएसटी जुलै २०१७ मध्ये २८ टक्के होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. तरी १,५०० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्के म्हणजे २७० रुपये. आठ जणांचे २,१६०. हा आकडा खिडकीशी कळण्यापेक्षा घरी कळलेला बरा. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, आधी काढलेली तिकिटे, मोठा गट, ह्यांना सवलत आहे का, हेही फोन करून विचारावे. विचारायला लाज कसली?

चौथी गोष्ट पोटाची. आपल्याकडील बहुतेक उद्यानांत घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. म्हणून आम्ही पहाटे थालीपिठे लावतो. पोरे दह्याबरोबर दोन-दोन खाऊन निघतात. परतीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवलेल्या सामानात. राहिले दुपारचे जेवण. पुष्कळ ठिकाणी तिकिटाबरोबरच जेवणाचे कूपन घेता येते. ते घ्यावेच. ते स्वस्त पडो वा न पडो, त्याचा खरा फायदा वेगळा आहे. मूल खिडकीशी जाते तेव्हा त्याच्या हातात कूपन असते. फलक वाचायचे त्याला कारणच उरत नाही. फ्लोरिडात डिस्नेकडे घरचे खाणे आत नेता येते व खाण्याच्या खिडक्यांवर थंड पाण्याचा पेला फुकट देतात. परदेशी जाणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

पाचवी गोष्ट कपड्यांची व प्रवासाची. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, आणि योग्य कपडे तेथे भाड्याने घ्यावे लागतात. दोन खेपांच्या भाड्यात नवे कपडे येतात. वाढत्या अंगाच्या मुलाचे धाकट्याला होतात. आम्ही डोंबिवलीकर, खोपोलीच्या बाजूला जायचे तर मध्य रेल्वेची लोकल खोपोलीपर्यंत जाते, पुढे रिक्षा. आठ जणांना दोन मोटारी करण्याऐवजी हा मार्ग किती स्वस्त पडतो ते सांगायला नकोच, आणि भेंड्या लोकलमध्येच रंगतात.

आता वर्षाच्या पासाविषयी. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या घरापासून मोटारीच्या टप्प्यात, जॅक्सन गावी, सिक्स फ्लॅग्जचे मोठे उद्यान १९७४ पासून आहे. ती हंगामाचा पास काढते. संध्याकाळी जेवून निघायचे, दोन तास खेळायचे, घरी परत. तिला तो पास फळतो. पण वर्षाकाठी एकदाच जाणाऱ्याने ‘तिसऱ्या खेपेपासून फुकट’ ह्या हिशेबाला भुलू नये. तिसरी खेप एरवी झाली असती का, एवढेच स्वतःला विचारावे. पासाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून काढलेल्या सहलीला सहल म्हणत नाहीत, वसुली म्हणतात!

फाटकाच्या आत आमचा एकच नियम. प्रत्येक मुलाच्या हातात सारख्याच रकमेचे पाकीट द्यायचे. दोनशे तर दोनशे. त्याचे काय करायचे, ते त्याने ठरवायचे. उरले तर त्याचे. त्यावर मोठ्यांनी अवाक्षर काढायचे नाही. माझा मुलगा कंजूष, तो सगळे परत आणतो. माझी मुलगी बाहेरच्या दुकानात चाव्या अडकवायचे काहीतरी घेते, जे मंगळवारपर्यंत मोडते. आणि भाच्याने पाकीट मिळाल्याच्या पहिल्या वर्षी सगळेच्या सगळे पैसे आइस्क्रीमवर उडवले. एकामागून एक तीन! नणंद काही बोलणार होती. मी तिचा हात दाबला. इतके चांगले खर्ची पडलेले पैसे माझ्या वहीत दुसरे नाहीत.

“आजींचं तिकीट कशाला काढायचं? त्या तर कशातच बसत नाहीत,” असे शेजारणी म्हणतात. वॉल्ट डिस्नेला म्हणे अशा उद्यानाची कल्पना सुचली ती लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये. मुली घोड्यांच्या चक्रात बसल्या होत्या आणि हा बाकावर नुसता बसून होता. मोठ्यांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा असावी, असे त्याला वाटले. आमच्या सासूबाई बाकावर बसतात, आठ जणांच्या पिशव्या सांभाळतात, लॉकरचे पैसे वाचवतात आणि प्रत्येक पोराने धावत येऊन सांगितलेली हकीकत ऐकतात. ती ऐकणारे कोणी नसेल, तर खेळाची अर्धी मजा जाते. त्यांच्या हप्त्याचे १९० रुपये त्या दरमहा स्वतःच्या पेन्शनीतून मोजून देतात.

आमच्या ठेवीचे वर्ष भाऊबीजेला सुरू होते. ताटात ओवाळणी वेगळी आणि हप्ता वेगळा. दोन्हींची सरमिसळ नणंद होऊ देत नाही. वाचकहो, तुमच्याही घरी कोणी ‘यंदा आमचं राहू दे’ म्हणणारे असेल, तर येत्या भाऊबीजेलाच आरंभ करा. महिना १९० जमत नसतील तर ९० ठेवा, आणि उद्यान त्या मानाने लहान निवडा. पण निघताना सगळे निघा, आणि आत गेल्यावर हिशेबाची वही घरीच राहू द्या.