शब्दांचे खेळ आणि हडपसरचे मौन

हडपसरास मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतींत संगणकाच्या आज्ञावली लिहून उपजीविका करणाऱ्या सुशिक्षित मंडळींत एक मत आढळते. जुने संगणकीय खेळ चित्रहीन होते ते केवळ यंत्रे दरिद्री होती म्हणून. आता चित्रे आली, मग त्या शब्दांच्या खेळांचे नाव तरी कशाला? हे मत लोकप्रिय आहे तितकेच उथळ आहे, आणि त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या खेळांची रीत अशी. आपण कोठे आहोत, समोर काय आहे, हे पडद्यावरील चार ओळी सांगतात. पुढे काय करावयाचे ते खेळणाऱ्याने शब्दांनीच लिहावयाचे. क्राउदर या अमेरिकन गृहस्थाने रचलेल्या आणि वुड्स याने १९७७ मध्ये वाढविलेल्या गुहेच्या खेळापासून ही परंपरा रूढ झाली, आणि लवकरच ती अंतराळात शिरली. मेरेट्झकी याच्या १९८३ च्या 'प्लॅनेटफॉल'मध्ये फ्लॉइड नावाचा पोरकट यंत्रमानव खेळणाऱ्याचा सोबती होतो आणि अखेर त्याच्यासाठी जिवावर उदार होतो. पडद्यावर त्याचे चित्र नव्हते. तरी त्याच्यासाठी अनेकांनी डोळे पुसले. दारिद्र्याने डोळ्यांत असे पाणी आणता येते काय?

त्याच लेखकाचा १९८५ चा 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' तर याहून गंभीर. त्यात खेळणारा स्वतःच एक संगणक असतो. नव्या राजनीतीने एका गावाचे पुढे काय होईल, हे त्याने दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी त्या गावात हिंडून पाहावयाचे. प्रथम भरभराट दिसते, मग हळूहळू अवनती. ज्या हडपसरात उसाचे मळे होते तेथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत मनोरे उठले, त्या हडपसरकराला या खेळाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागेल काय? उद्याचे आपले गाव कसे असेल, हा प्रश्न चित्र दाखवून सुटत नाही. तो विचारावाच लागतो, आणि विचारावयास भाषा लागते.

कोणी म्हणेल, मराठीत हे जमणार नाही. 'दिवा घे' म्हटले तर 'दिवा', पण तेल घालावयाचे ते 'दिव्यात'. शब्दच रूप पालटतो, तर यंत्राने ओळखावे कसे? हा आक्षेप आज लंगडा आहे. विभक्तींनी गजबजलेल्या जर्मन भाषेत असे खेळ झाले, फ्रेंच व स्पॅनिशमध्येही झाले. त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी नाही, असेही म्हणता येणार नाही. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस धाडली व बक्षीस मिळविले, ते वर्ष १९७४. म्हणजे वाचक होता, लेखक होता; आणि आज यंत्र जाणणारे तर हडपसरच्या गल्लोगल्ली आहेत.

उणीव आहे ती इच्छेची. दिवसभर परक्या भाषेत यंत्राला हुकूम सोडणारे आमचे अभियंते घरी मुलाला 'दार उघड' म्हणतात, पण ते दोन शब्द यंत्राला मराठीत सांगून पाहावेत असे त्यांच्या मनात येत नाही. ज्या भाषेत आज्ञा देण्याचे आपण सोडतो, त्या भाषेतून पुढे केवळ आज्ञा ऐकण्याचीच पाळी येते. ती पाळी टाळण्यास एखाद्या रविवारी लिहिलेला एक लहानसा मराठी खेळ पुरेसा नसेल; पण आरंभ म्हणून तो पुष्कळ आहे.