विंचवातून जाणाऱ्या महालक्ष्म्या

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पडेगावच्या एखाद्या गच्चीवरून संध्याकाळी नैर्ऋत्येला पाहा. वाळूज एमआयडीसीच्या उजेडातूनही चंद्राजवळचा तांबूस तारा दिसतो, ती ज्येष्ठा. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. चंद्राचे हे तिन्ही मुक्काम वृश्चिक तारकासमूहातलेच आहेत: अनुराधा विंचवाच्या डोक्याशी, ज्येष्ठा छातीत, मूळ थेट नांगीत. चंद्र दिवसाला साधारण 13 अंश सरकतो, म्हणून तीन दिवसांत विंचू पार होतो. सोळा भाज्या आणि पुरणपोळीच्या गडबडीत वर मान करायला कुणाला सवड असते म्हणा! पुराणांत ज्येष्ठा ही समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघालेली थोरली बहीण, म्हणजे अलक्ष्मी. आपल्या बायकांनी मात्र तिला धाकटीशेजारी मखरात बसवून भरजरी नेसवली, हा निवाडा मला पुराणापेक्षा शहाणपणाचा वाटतो. ग्रीकांचा विंचू निव्वळ मारेकरी: त्याने ओरायन शिकाऱ्याला डंख मारला, म्हणून तो उगवला की शिकारी मावळतो. तो शिकारी म्हणजे आपल्या मृगाचे तारे. ज्येष्ठा प्रत्यक्षात सूर्याच्या शेकडो पट व्यासाचा म्हातारा महाराक्षसी तारा आहे. थोरलेपण तिला शोभतं.